‘इतर’ या रकान्याचा हिशेब

दूध संकलन केंद्रांवर बसणाऱ्या यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहिण्याचे काम मी सांगलीजवळच्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या कारखान्यात गेली काही वर्षे करतो आहे. यंत्र दिसायला साधे असते. एका बाजूला वजनकाटा, दुसऱ्या बाजूला फॅट आणि एसएनएफ (फॅटखेरीजचे घन घटक) मोजणारे उपकरण, मध्ये एक लहानशी पेटी आणि त्या पेटीतून निघून उत्पादकाच्या हातात पडणारी पावती. वाळवा तालुक्यातील एका दूध संस्थेने मागणी केली की गाय आणि म्हैस या दोन प्रकारांबरोबर ‘मिश्र’ असा तिसरा प्रकारही यंत्रात हवा. मागणी रास्त होती आणि काम एका दुपारचे वाटले. प्रकारांच्या यादीत तिसरे नाव घातले, पडद्यावर ते दिसू लागले, पावतीवर छापून येऊ लागले, अहवालात त्याचा वेगळा रकानाही आला. आठ दिवसांनी मी त्या संस्थेत गेलो असता दूध घालायला आलेल्या एका मावशींनी पावती माझ्यापुढे धरली. “दादा, फॅट पाच लागलंय, वर मिश्र लिवलंय, मग दर गाईचा कसा?”

चूक माझीच होती. दर ठरवणारा भाग वेगळ्या फाइलमध्ये होता आणि तेथे म्हशीसाठी एक ओळ होती, तिच्याखाली ‘डिफॉल्ट’, म्हणजे ‘बाकी सगळे’, या नावाने गाईचा दर लिहिलेला होता. प्रकार दोनच होते तोवर ‘बाकी सगळे’ म्हणजे गाय हे खरे होते. तिसरा प्रकार यादीत आला त्या दुपारी ते खोटे झाले, आणि यंत्राने, लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरने किंवा मी स्वतः हूं की चूं केले नाही. फरकाची रक्कम पुढच्या बिलात देण्यात आली. रक्कम मोठी नव्हती, पण ती चूक एका उत्पादकाने पावती नीट वाचली म्हणून सापडली, आम्ही काही तपासले म्हणून नव्हे, ही गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही.

त्या एका ओळीबद्दलच मला येथे लिहायचे आहे. प्रोग्रॅमिंगच्या भाषांच्या सुरक्षिततेची चर्चा आज जगभर चालू आहे, सरकारे त्यात उतरली आहेत, आणि या चर्चेचा जवळजवळ सगळा भर मेमरीचा, म्हणजे यंत्राच्या स्मृतीचा, चुकीचा वापर रोखण्यावर आहे. तो भर योग्यच आहे, पण अपुरा आहे. माझ्या मते भाषेने प्रोग्रॅमरला द्यायची सर्वांत मोलाची सुरक्षितता म्हणजे शक्यतांची हजेरी घेण्याची सक्ती: ज्या ठिकाणी एखाद्या गोष्टीच्या प्रकारांनुसार निर्णय होतो, त्या प्रत्येक ठिकाणी सर्व प्रकारांना उत्तर दिले आहे की नाही हे कंपायलरने मोजावे आणि एकही गैरहजर असेल तर प्रोग्रॅम तयारच होऊ देऊ नये. पॅटर्न मॅचिंग या नावाने जी सोय जुन्यानव्या भाषांत येत आहे, तिचे खरे मोल या सक्तीत आहे, आणि जी भाषा ही सोय सक्तीविना देते ती सजावट देते. सार्वजनिक पैशाने घेतल्या जाणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत ही मागणी आपण निविदेच्या कागदावर केली पाहिजे, असेही माझे म्हणणे आहे.

पॅटर्न मॅचिंग म्हणजे काय, हे प्रोग्रॅमर नसलेल्या वाचकासाठी थोडक्यात सांगतो. एखादी वस्तू कोणत्या आकाराची आहे हे पाहायचे आणि त्याच वेळी तिच्या आतले भाग सुटे करून हाती घ्यायचे, या दोन क्रिया एकाच वाक्यात करण्याची ही पद्धत आहे. ही कल्पना नवी नाही. १९७० च्या दशकात रॉबिन मिल्नर यांनी एडिनबरा विद्यापीठात एमएल ही भाषा घडवली, त्याच विद्यापीठात १९८० च्या सुमारास होप ही भाषा झाली, आणि या घराण्यात प्रकारांची बंद यादी करून तिच्यावर जुळणी करण्याची रीत रुजली. यादी बंद असल्यामुळे कंपायलरला ती मोजता येते, हे त्यातले मर्म. अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी बनलेल्या आणि १९८३ मध्ये प्रमाणित झालेल्या एडा या भाषेतही ‘केस’ विधानाने सर्व शक्य मूल्ये व्यापलीच पाहिजेत असा नियम होता. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, यंत्रनियंत्रक, ब्राउझर असली पायाभूत कामे ज्या सिस्टिम्स भाषांत होतात, त्यांच्यासाठीही ही गोष्ट चाळीस वर्षांपूर्वी ठाऊक होती. ती रोजच्या वापरात मात्र आली रस्टमुळे. ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये खासगी उपक्रम म्हणून सुरू केलेली, पुढे मोझिलाने उचलून धरलेली आणि मे २०१५ मध्ये १.० या आवृत्तीस पोचलेली ही भाषा. तिचा पहिला कंपायलर एमएलच्याच घराण्यातल्या ओकॅमल भाषेत लिहिलेला होता, त्यामुळे ही सक्ती तिच्या रक्तात आली यात नवल नाही.

आता सांगलीकरांच्या नेहमीच्या परिचयातले एक उदाहरण घेऊ. पावसाळ्यात आपल्याकडे दिवसाची सुरुवात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती हे विचारण्याने होते. १९२९ साली खुल्या झालेल्या या पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे आकडे येथल्या शाळकरी मुलालाही तोंडपाठ असतात, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले तेव्हा काय झाले हे गावभागात आणि पेठांत राहणाऱ्यांना सांगायला नको. समजा, नदीकाठी एक संवेदक बसवला आणि त्याच्याकडून दर पंधरा मिनिटांनी येणाऱ्या आकड्यावरून भोंगा वाजवायचा की नाही हे ठरवणारा प्रोग्रॅम लिहिला. संवेदकाची तार तुटली तर काय येईल? सी भाषेत लिहिणारा बहुतेक वेळा शून्य किंवा उणे एक परत करतो आणि मनाशी ठरवतो की या आकड्याचा अर्थ ‘वाचन मिळाले नाही’ असा समजायचा. हा अर्थ त्याच्या मनात असतो, आकड्यात नसतो. सहा महिन्यांनी दुसरा कोणी भोंग्याचा भाग लिहितो, चाळीसपेक्षा कमी म्हणजे धोका नाही अशी साधी तुलना करतो, आणि पुरात तार वाहून गेलेली असताना यंत्र शांतपणे सांगते की नदी कोरडी आहे.

रस्टमध्ये हेच वाचन ‘ऑप्शन’ या प्रकाराचे असते, म्हणजे एकतर ‘आकडा आहे आणि तो इतका’ किंवा ‘आकडा नाही’. आतला आकडा काढून तुलना करायची तर साधारणपणे जुळणी करावी लागते, आणि जुळणी केली की ‘आकडा नाही’ या शाखेत काय करायचे हे लिहावेच लागते. नाहीतर प्रोग्रॅम तयार होत नाही. तेथे काय लिहायचे हे भाषा सांगत नाही. भोंगा वाजवावा, नियंत्रण कक्षाला कळवावे की मागचे वाचन वापरावे हा माणसांचा निर्णय आहे. पण प्रश्न विचारला जातो, आणि तो कार्यालयात बसून लिहीत असताना विचारला जातो, पाणी चढत असताना नव्हे. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी ‘नल’ ही ‘काहीच नाही’ दाखवणारी खूण योजली आणि २००९ मध्ये एका परिषदेत तिला स्वतःची शंभर कोटी डॉलरची चूक म्हटले. ती खूण वापरायला सोपी होती, पण तिच्यामुळे प्रत्येक वस्तू ‘कदाचित नसेलही’ अशी झाली आणि कोणत्या वस्तूबद्दल ही शंका धरायची हे सांगण्याची सोयच उरली नाही.

सी भाषेबद्दल येथे थोडे थांबून लिहिले पाहिजे, कारण आपल्या भागातील वजनकाटे, ठिबक सिंचनाचे नियंत्रक, शीतगृहांचे तापमान राखणाऱ्या पेट्या या सगळ्या आजही तिच्यावरच चालतात आणि पुढील कित्येक वर्षे चालतील. सीमधील ‘स्विच’ हे प्रकारानुसार शाखा निवडणारे विधान एका शाखेतून खालच्या शाखेत आपोआप घसरते. ती घसरण थांबवायला ‘ब्रेक’ लिहावा लागतो, आणि ब्रेक कोठे लागू होतो हे समजण्यात भलेभले चुकतात. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतील एटी अँड टी या कंपनीचे दूर पल्ल्याच्या टेलिफोनचे जाळे सुमारे नऊ तास कोलमडले, ११४ स्विचिंग केंद्रे एकमेकांना पाडत राहिली, आणि मुळाशी प्रोग्रॅममधल्या स्विच विधानाच्या आतील एका अटीत लिहिलेला, चुकीच्या जागेतून बाहेर नेणारा एक ब्रेक निघाला.

घसरणीपेक्षाही खोल अडचण वेगळी आहे. सीमध्ये प्रकारांची यादी, जिला एनम म्हणतात, ती खऱ्या अर्थाने बंद नसते. गाय म्हणजे शून्य, म्हैस म्हणजे एक, असे आकडे ठरतात आणि त्या चलात सदतीस हा आकडाही बिनदिक्कत बसू शकतो. याच कारणाने मोटार उद्योगासाठी ब्रिटनमध्ये १९९८ पासून निघत असलेल्या ‘मिस्रा सी’ या नियमावलीच्या २०१२ च्या आवृत्तीत प्रत्येक स्विचला डिफॉल्ट शाखा असलीच पाहिजे असा नियम आहे. नियम शहाणपणाचा आहे, कारण मेमरी बिघडून सदतीस आला तर निदान काहीतरी ठरलेले घडावे. पण त्याचा दुसरा परिणाम पाहा. जीसीसी या कंपायलरमध्ये गैरहजर प्रकाराबद्दल इशारा देण्याची सोय आहे आणि नेहमीचे सगळे इशारे चालू केले की ती चालूही होते. मात्र स्विचमध्ये डिफॉल्ट शाखा दिसली की ती गप्प बसते, कारण लिहिणाऱ्याने ‘बाकी सगळ्यांचे’ उत्तर दिले आहे असे ती समजते. म्हणजे सुरक्षिततेचा नियम पाळला की सुरक्षिततेचा इशारा बंद पडतो. माझ्या दुधाच्या दरात नेमके हेच झाले होते. मी विद्यार्थी असताना प्रात्यक्षिकाच्या वहीत डिफॉल्ट लिहिला नाही तर गुण कापले जात आणि त्या कापलेल्या गुणांची शिकवण मी इमानाने पाळत आलो होतो.

या कोंडीतून सीमध्येही वाट आहे. ‘स्विच-एनम’ नावाचा एक वेगळा इशारा डिफॉल्ट असूनही यादीतला प्रत्येक प्रकार नावानिशी लिहिला आहे का हे पाहतो. तो नेहमीच्या इशाऱ्यांबरोबर चालू होत नाही, मुद्दाम मागावा लागतो आणि त्याला नुसत्या इशाऱ्याऐवजी ‘चूक’ हा दर्जा दिला तर प्रोग्रॅम अडतो. डिफॉल्ट शाखेत मग फक्त अशक्य आकड्याची तक्रार उरते. हे करायला नवी भाषा, नवी चिप, नवे प्रशिक्षण यांपैकी काहीही लागत नाही. आमच्या यंत्रात मी ते केले तेव्हा ‘मिश्र’ हा प्रकार दराखेरीज आणखी एका ठिकाणी विसरलेला निघाला, तो उपकरणाच्या तपासणीच्या मर्यादांमध्ये होता आणि कोणत्याही मावशींच्या पावतीवर तो दिसला नसता.

आता मेमरीच्या प्रश्नाकडे येऊ, कारण जगाच्या चर्चेचा मुख्य प्रवाह तोच आहे. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २०१९ मध्ये सांगितले की त्यांनी वर्षानुवर्षे दुरुस्त केलेल्या सुरक्षा त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के त्रुटी मेमरीच्या चुकीच्या वापराच्या आहेत; क्रोमियम ब्राउझरच्या गंभीर सुरक्षा त्रुटींबाबत २०२० मध्ये आलेला आकडाही तेवढाच होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने मेमरी सुरक्षित राखणाऱ्या भाषांकडे वळण्याचा सल्ला दिला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हाइट हाउसच्या सायबर संचालकांच्या कार्यालयाने त्याच आशयाचा अहवाल काढला. डिसेंबर २०२२ मधील ६.१ या आवृत्तीपासून लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात रस्टला जागा मिळाली. १९ जुलै २०२४ रोजी सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एका सुरक्षा प्रणालीच्या अद्ययावतीकरणाने बंद पडले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले, त्याचे कारण वीस रकान्यांची अपेक्षा करणाऱ्या प्रोग्रॅमने एकविसावा रकाना वाचायला जाऊन हद्दीबाहेरची मेमरी वाचली, हे होते.

हे सगळे खरे असले तरी माझ्या दुधाच्या यंत्रात मेमरीची एकही चूक नव्हती, हेही तितकेच खरे आहे. हद्द ओलांडली गेली नाही, मोकळी केलेली जागा पुन्हा वापरली गेली नाही. यंत्राने अत्यंत सुरक्षितपणे चुकीचा दर लावला. म्हणून ‘मेमरी सुरक्षित’ एवढे एकच बिरुद पाहून भाषा निवडणे मला अर्धवट वाटते. पायथन मेमरी सुरक्षित आहे; ऑक्टोबर २०२१ मध्ये ३.१० या आवृत्तीत तिला पॅटर्न मॅचिंगही मिळाले. पण तेथे एकही शाखा जुळली नाही तर प्रोग्रॅम काहीही न करता पुढे जातो. जावाने याहून शहाणी वाट धरली. २०२१ मध्ये १७ व्या आवृत्तीत बंद यादी करण्याची सोय दिली, सप्टेंबर २०२३ मध्ये २१ व्या आवृत्तीत जुळणी आणली आणि नव्या पद्धतीने लिहिलेल्या स्विचवर हजेरीची सक्ती केली. एनमवर चालणारी जुनी स्विच विधाने मात्र पूर्वीसारखीच मोकळी ठेवली, कारण ती अडवली असती तर कोट्यवधी ओळी एका रात्रीत अडल्या असत्या.

जुन्या भाषेची ही अडचण मी हसण्यावारी नेणार नाही. सी प्लस प्लसला २०१७ च्या प्रमाण आवृत्तीत ‘व्हेरियंट’, म्हणजे ठरलेल्या प्रकारांपैकी एक धरणारी वस्तू, मिळाली, तिच्यावर ‘व्हिजिट’ ही जुळणीची सोय वापरली तर एखादा प्रकार विसरल्यास कंपायलर अडवतोही, पण अडवताना तो जे पानभर बोलतो ते वाचून नवशिक्या माणूस परत स्विचकडे पळतो. भाषेच्या आतच पॅटर्न मॅचिंग असावे असे प्रस्ताव त्या भाषेच्या समितीपुढे बरीच वर्षे फिरत आहेत आणि सी प्लस प्लस २६ मध्येही ते आलेले नाही. त्याच आवृत्तीत करारविधाने, म्हणजे प्रोग्रॅमच्या भागाने पाळायच्या अटी लिहिण्याची सोय, आली, न भरलेले चल वाचण्याला ‘वाटेल ते घडू शकेल’ या वर्गातून काढून चुकीचे पण ठरावीक वर्तन असा दर्जा मिळाला, हद्द तपासणारे कडक ग्रंथालय, म्हणजे इतरांनी वापरायच्या तयार प्रोग्रॅमचा संच, आले. रस्टसारखी मालकीची तपासणी, म्हणजे मेमरीतील प्रत्येक वस्तूचा मालक कोण हे कंपायलरने पाहणे, भाषेत आणावी की नियमांचे ठरावीक संच, ज्यांना तेथे प्रोफाइल म्हणतात, ते लावून मोकळेपणा आवळावा, हा वाद मात्र अजून चालू आहे. सी प्लस प्लसचे जनक ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप दुसऱ्या बाजूचे आहेत आणि जगातील प्रचंड चालू प्रोग्रॅम फेकून देता येत नाहीत हा त्यांचा मुद्दा कोणत्याही कारखानदाराला पटेल. पण जुने फेकायचे नाही म्हणून नव्यानेही मोकळेच राहायचे, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. अँड्रॉइडचा अनुभव येथे बोलका आहे. गूगलने जुने सी आणि सी प्लस प्लस पुन्हा लिहायला घेतले नाही, नवे काम मेमरी सुरक्षित भाषांत करायचे एवढेच ठरवले. २०१९ मध्ये सुरक्षा त्रुटींत मेमरीच्या त्रुटींचा वाटा ७६ टक्के होता, तो २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला. जुना प्रोग्रॅम वापरात आणि दुरुस्तीत हळूहळू निवळत जातो, त्रुटींचा ओघ येतो तो ताज्या ओळींतून.

हजेरीच्या सक्तीवर घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळाच आहे आणि तो रस्टच्या बाजूनेच येतो. समजा, मी दुधाच्या प्रकारांची यादी एक ग्रंथालय म्हणून प्रसिद्ध केली आणि शंभर संस्थांचे प्रोग्रॅम तिच्यावर उभे राहिले. उद्या मी ‘शेळी’ हा प्रकार वाढवला तर त्या शंभरही ठिकाणचे प्रोग्रॅम अडतील. माझ्या स्वतःच्या कारखान्यात हे अडणे म्हणजे वरदान आहे. दुसऱ्याच्या दारात ते संकट आहे, कारण त्याला शेळीशी काही देणेघेणे नाही आणि आज त्याला दुसरीच दुरुस्ती पाठवायची आहे. रस्टने डिसेंबर २०१९ मध्ये १.४० या आवृत्तीत यावर ‘नॉन-एक्झॉस्टिव्ह’ अशी खूण काढली. यादीच्या मालकाने ती लावली की बाहेरच्या वापरकर्त्याला ‘बाकी सगळे’ ही शाखा लिहावीच लागते. भाषेच्या उत्क्रांतीसाठी हे सोयीचे आहे, पण ज्या क्षणी ती शाखा लिहिली त्या क्षणी हजेरी संपली आणि आपण पुन्हा गाईच्या दरापाशी आलो. शिवाय रस्टमध्येही ‘बाकी सगळे’ दाखवणारी अधोरेषा कोणालाही, कोठेही, कंटाळा आला म्हणून टाकता येते. तिच्यावर बोट ठेवणारा नियम क्लिपी या तपासनिसात आहे, पण तोही मुद्दाम मागावा लागतो.

अ‍ॅपलच्या स्विफ्ट या भाषेने मार्च २०१९ मध्ये पाचव्या आवृत्तीत काढलेला तोडगा मला अधिक विचारी वाटतो. तेथे ‘अज्ञात डिफॉल्ट’ अशी वेगळी शाखा लिहिता येते. ती म्हणते की आज माहीत असलेले सगळे प्रकार मी नावानिशी लिहिले आहेत आणि ही शाखा फक्त भविष्यातल्यांसाठी आहे. उद्या नवा प्रकार आला तर प्रोग्रॅम अडत नाही, पण इशारा मात्र येतो. ‘विचार करून सोडलेले’ आणि ‘अजून अस्तित्वातच नसलेले’ या दोन गोष्टी एकाच रकान्यात कोंबल्या गेल्या होत्या, त्या येथे वेगळ्या झाल्या. आपल्या सहकारी संस्थांच्या ताळेबंदात ‘इतर खर्च’ या रकान्यात काय काय जाते हे ज्याने वार्षिक सभेत विचारून पाहिले आहे, त्याला या फरकाचे महत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. घरातील यादीसाठी पूर्ण सक्ती आणि दाराबाहेर जाणाऱ्या यादीसाठी इशारा, ही विभागणी प्रत्येक सिस्टिम्स भाषेने घ्यावी असे मला वाटते.

सक्ती असली म्हणजे अपघात टळलेच असे समजणाऱ्यांसाठी दोन घटना पुरेशा आहेत. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत नष्ट झाले. त्याचा प्रोग्रॅम एडामध्ये होता, म्हणजे त्या काळच्या सर्वांत काटेकोर भाषेत. पण चौसष्ट बिटांचा आकडा सोळा बिटांत बसवताना तो मावणार नाही ही शक्यता काही चलांच्या बाबतीत तपासली जात होती आणि त्या नेमक्या चलाची सोडून दिली होती, कारण एरियान ४ मध्ये तो आकडा तेवढा मोठा होतच नव्हता. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी संकेतस्थळांची वाहतूक सांभाळणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या सेवेबरोबर जगातील असंख्य संकेतस्थळे बंद पडली. तेथे प्रोग्रॅम रस्टमध्ये होता, दोनशे वैशिष्ट्यांची मर्यादा एका फुगलेल्या फाइलने ओलांडली, त्रुटी परत आली, आणि ती हाताळण्याऐवजी ‘अनरॅप’ लिहिलेले होते, म्हणजे ‘येथे त्रुटी येणारच नाही, आली तर सारे थांबवा’. दोन्ही ठिकाणी प्रश्न विचारला गेला होता आणि माणसाने ‘हे घडणार नाही’ असे उत्तर दिले होते. माझ्या दृष्टीने हा सक्तीविरुद्धचा पुरावा नाही. अनरॅप हा शब्द फाइलमध्ये शोधता येतो, तपासणाऱ्याला त्यावर बोट ठेवून ‘का?’ असे विचारता येते. सीमधल्या न लिहिलेल्या तपासणीवर बोट कोठे ठेवणार?

आपल्याकडे याचे काय करायचे, एवढाच प्रश्न राहतो. आठ बिटांच्या ८०५१ घराण्यातील स्वस्त चिपवर रस्ट चालत नाही आणि असल्या चिपवर उभे असलेले धंदे बंद करा असे म्हणण्यात अर्थ नाही. तेथे सी राहील आणि तेथे स्विच-एनमचा इशारा ‘चूक’ या दर्जाने लावणे हे किमान मागता येईल. आर्मच्या कॉर्टेक्स-एम घराण्यातील चिप जेथे वापरली जाते, आणि आता बऱ्याच नव्या पेट्यांत ती असते, तेथे नवे काम रस्टमध्ये करणे शक्य आहे, शिकायला काही महिने लागतात हे धरूनही. सांगली-साताऱ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणारी मुले पहिल्या वर्षी सी शिकतात, ती शिकावीच. पण स्विच शिकवताना डिफॉल्ट न लिहिल्याबद्दल गुण कापण्याऐवजी एनममध्ये नवा प्रकार घालून प्रोग्रॅम कोठे कोठे चुकतो हे शोधायला लावले, तर एका तासिकेत जे कळेल ते मला नोकरीत पाच वर्षांनी, आणि तेही दुसऱ्याच्या पैशाने, कळले.

आणि निविदा. पूरपातळीचे संवेदक, धान्य दुकानातील ई-पॉस यंत्रे, संस्थांतील दूध संकलनाच्या पेट्या यांच्या निविदांत पेटी पाण्यात भिजली तर टिकेल का, बॅटरी किती तास चालेल, हमी किती वर्षांची, हे बारकाईने लिहिलेले असते. आतला प्रोग्रॅम कसा लिहिला आहे याबद्दल बहुधा एक अक्षरही नसते. तेथे तीन वाक्ये पुरतील. यंत्र कोणकोणत्या स्थितींत असू शकते त्याची यादी पुरवठादाराने द्यावी, वाचन न मिळणे ही त्यातील एक स्थिती असावी. त्या प्रत्येक स्थितीला प्रोग्रॅममध्ये नावानिशी उत्तर आहे हे कंपायलरच्या तपासणीने दाखवावे, भाषा कोणतीही असो. आणि यादीत नवी स्थिती वाढवली की ही तपासणी पुन्हा करून तिचा कागद द्यावा. यामुळे यंत्राची किंमत थोडी वाढेल, पुरवठादार कुरकुर करतील, त्यांत मीही असेन, कारण माझ्या टेबलावरच्या कामाचे तास वाढणार आहेत. त्या वाढीव तासांचे पैसे कोणी द्यायचे, खरेदीदाराने की पुरवठादाराने, यावर खुशाल वाद व्हावा. आज ते दूध घालणाऱ्याच्या पावतीतून कापले जात आहेत.